शब्द घरी वापरून या

मिल्या, मुडद्या म्हणायची मी तुला. जेवायला उशिरा आलास की, "आला का मुडदा," आणि तू उंबऱ्यात चपला काढता काढता हसायचास. परवा शेजारची पोरगी तिच्या भावाला तसंच म्हणाली आणि माझ्या हातातलं ताट खाली पडलं. जन्मभर येता-जाता तोंडात असलेला शब्द तू माझ्याकडून हिसकावून नेलास. राग आलाय मला तुझा. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून.

लोक येतात, सतरंजीवर बसतात, म्हणतात, "देवमाणूस होता हो मिलिंद सर." कोण, तू? वाद घालून समोरच्याची भाकरी गार करणारा, हरायला लागला की आवाज चढवणारा, माझ्या मैत्रिणींना त्यांच्या गुरुवारच्या उपासावरून रडवणारा? तू असतास तर त्यांना तिथंच थांबवलं असतंस. "अक्का, ह्याला युलॉजी म्हणतात, मेलेल्याच्या पुढ्यात त्याच्याबद्दल गोड बोलायची कला. ऐकणारा उठून उलट बोलत नाही म्हणून ती सोपी असते." मी मात्र गोड बोलणार नाही. मी झेडपीच्या शाळेत पोरांना मराठी शिकवली, आणि घरात तुझ्याशी भांडले. दोन्ही मला चांगलं जमतं.

शहागंजात कापडाच्या दुकानावरची ती खोली आठवते का, विचारणं मूर्खपणाचं आहे. जिन्याची पायरी इतकी अरुंद की पाय आडवा टाकावा लागायचा. खाली दुकानदार "बाजी, आईये आईये" ओरडतोय, समोर अत्तरवाला, मधे हॉर्न, आणि वर तू फळ्यापुढं उभा राहून पोरांना हेरसी, म्हणजे धर्माला न पटणारं मत, समजावून सांगतोयस. स्पर्धा परीक्षेची पोरं, लॉच्या प्रवेशाची पोरं, बाहेरदेशी शिकायला जायचं स्वप्न घेऊन आलेली पोरं. बाकीच्या क्लासात शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. तू म्हणायचास, यादीतला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो आणि पेपर दिला की गळून पडतो. म्हणून तू तुझे शब्द तत्त्वज्ञानातून, धर्मातून, वक्तृत्वातून काढायचास. डॉग्मा, फॅलसी, सोफिस्ट्री, थिओडिसी. तिथले शब्द लोकांनी भांडून कमावलेत म्हणे, काहींनी जिवावर उदार होऊन.

हेरसीला तू गृहपाठ काय दिला होतास! "आपापल्या घरात कोणता प्रश्न विचारायचा नसतो, तो शोधून या." आठवड्यानं मौलवीसाहेबांची मुलगी आली, कीर्तनकारांचा मुलगा आला, विहाराशेजारच्या गल्लीतली आपली दोन पोरं आली. सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकानं एकच निघाला, की हे बायांनी का नाही करायचं. तू इतका हसलास की खालच्या दुकानदारानं छताला काठीनं ठोकलं. मी डबा घेऊन आले होते, दारात उभी होते. मला तुझा अभिमान वाटला होता. तेव्हा बोलले नाही, कारण तू लगेच चढून बसला असतास.

आणि तो तुझा नियम. नवा शब्द मिळाला की घरी जाऊन एकदा वापरायचा. आरशासमोर नाही, मित्रासमोर नाही. घरच्या माणसाशी, घरच्या खऱ्या विषयावर. आणि पुढच्या तासाला उभं राहून सांगायचं, काय झालं. एका पोरानं बापाला सांगितलं, हुंड्याबद्दलचं तुमचं म्हणणं डॉग्मा आहे, विचार न करता धरून ठेवलेलं. बापानं चपलेनं हाणला. पोरगा गालावर वळ घेऊन आला आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. तू त्याला समोरच्या हॉटेलातून चहा आणि उस्मानिया बिस्किट मागवलंस. मी त्या दिवशी घरी तुझ्यावर तुटून पडले होते.

"लेकरांना मार खायला पाठवतोस तू!"

"मार ते असंही खातात, अक्का. निदान कशासाठी खाल्ला ते कळू दे."

"तुझं काय जातं रे? तू इथं बसतोस खडू घेऊन. तिकडं ते एकटे असतात."

"मीही एकटाच होतो," तू म्हणालास. तुला काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं.

आपला बाप दारू प्यायला की आईला मारायचा आणि दारू मिळाली नाही की आपल्याला. तू दहावीला होतास. शाळेच्या वाचनालयातून कुठलं तरी इतिहासाचं इंग्रजी पुस्तक आणलं होतंस. बापानं आईचे केस धरले तेव्हा तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "हे टिरनी आहे." टिरनी म्हणजे जुलूमशाही. बापाला इंग्रजीचं ओ का ठो कळत नव्हतं, पण पोरगा आपल्याला मोठं काहीतरी म्हणाला एवढं कळलं. पट्ट्याचं बक्कल तुझ्या तोंडावर बसलं. समोरचा दात अर्धा तुटला, रक्त तुझ्या शाळेच्या शर्टावर, आणि तू तोंड धरून परत तोच शब्द. मी काय केलं? मी बापाच्या दंडाला चावले. कचकचून. त्यानं मला झटकून भिंतीवर फेकलं तरी दात सोडले नाहीत. त्या दिवसापासून आपल्या वाटा ठरल्या. तू तोंडानं लढणार आणि मी दातांनी. पुढं तू अख्ख्या आयुष्यात कुणावर हात उचलला नाहीस, आणि मी माझा स्वभाव काही सोडला नाही.

तो अर्धा दात तू कधी नीट करून घेतला नाहीस. मी किती मागं लागले. "राहू दे, फॅलसी, म्हणजे वादातली फसवी चाल, शिकवताना दाखवायला होतो," म्हणायचास. "बापाकडं मुद्दा नव्हता, पट्टा होता. ही जगातली सगळ्यात जुनी फॅलसी."

वैष्णवी करमाडहून यायची. बसनं, कधी काळीपिवळीनं, डोक्याला ओढणी गुंडाळून. मोठं घर तिचं, बागायत, दारात जीप, बाप गावात चार लोकांनी उठून नमस्कार करावा असा. लॉ करायचं होतं तिला. पहिल्यांदा आली तेव्हा दाराशी थांबून तुला "सर, मी आत येऊ का" असं इतक्या हळू विचारलं, की तू म्हणालास, "वकील व्हायचंय ना? मग न्यायाधीशाला ऐकू जाईल असं विचार." तिनं परत विचारलं. परत. चौथ्यांदा खालचा दुकानदार म्हणाला, "आ जाओ बेटा, हमने सुन लिया." सगळे हसले, तीही हसली. ती पोरगी मला तेव्हाच आवडली.

तू तिला ऑटोनॉमी शिकवलंस. स्वतःच्या जिवाबद्दलचा निर्णय स्वतः घेणं. माणूस दुसऱ्याच्या कामाचं साधन नाही, असं काहीतरी सांगत होतास, आणि ती मान खाली घालून ऐकत होती. घरी तिचं लग्न ठरत होतं. हे तुला माहीत होतं का? खरं सांग. मला वाटतं, माहीत होतं. मला वाटतं, तरीही तू तिला सांगितलंस, वापरून ये.

तिनं वापरला. पाहुणे बैठकीला आलेले असताना, चहाचा ट्रे हातात असताना. नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं, पोरीला काय विचारायचंय का. ती म्हणाली, माझ्या ऑटोनॉमीचं काय? मग कुणाला कळलं नाही म्हणून तिनं मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, की मला शिकायचंय, मला हा मुलगा नको, मला कुणी विचारलंच नाही. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला आणि गाडीत बसले. सोयरीक मोडली. गावात चर्चा. आणि चर्चेत एकच प्रश्न, कुणी शिकवलं हिला?

ती दुपार मी कितीदा पाहिली, डोळे मिटले की तेच. तू डबा विसरला होतास म्हणून मी आले होते. जिन्यात माझ्या पुढून तीन जण धाडधाड वर गेले. मला धक्का लागला, मी "अहो, दिसत नाही का" म्हणाले. वैष्णवीच्या भावाच्या हातात रॉड होता, पायाला लागून खाली धरलेला. मला तो छत्री वाटला. भर उन्हात छत्री कशाला, एवढासुद्धा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

"माझ्या बहिणीला काय शिकवलं रे तू?"

आणि तू काय म्हणालास? तू म्हणालास, "बसा."

बसा! अरे, तुझ्या बसाला आग लागो. रॉड दिसत होता ना तुला? "बसा. ती काय म्हणाली ते सांगा, मग आपण बोलू." पहिला फटका कानावर बसला. तू फळ्यावर आपटलास, आणि परत म्हणालास, "बसा ना, बोलू." दुसरा गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोरं ओरडत होती, कुणी जिन्याकडं पळालं, कुणी भावाच्या एका साथीदाराला मिठी मारून धरलं. मी लोखंडी खुर्ची उचलली आणि त्या भावाच्या पाठीत घातली. तो वळला, मी परत घातली. त्याच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा मला बरं वाटलं, लपवत नाही. पण तोपर्यंत तू खाली पडला होतास, त्याचा दुसरा साथीदार तुझ्या डोक्यात लाथा घालत होता, आणि तुझे दोन्ही हात उघडे होते. डोक्यावरसुद्धा नेले नाहीस तू ते हात. समोरच्याला समजावताना पसरतोस ना, तसेच पसरलेले.

का रे? एक हात उचलला असतास. एक.

हॉस्पिटलात तू शुद्धीवर आलाच नाहीस. तुझ्या तोंडात नळी होती. आयुष्यभर बडबडलेल्या माणसाच्या तोंडात नळी. मी तुझ्या कानाशी बसून तुला वाटेल ते बोलले, शिव्या दिल्या, म्हटलं, ऊठ आणि माझं म्हणणं खोडून काढ. तुझ्या पापण्या हलल्या असं मला वाटलं. नर्स म्हणाली, तसं होतं. तुझा हात गरम होता, नखात खडू होता. मी तो काढला नाही. शेवटी तुला आंघोळ घातली तेव्हा तो निघून गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसती रडले असते. थांबलं नाही.

भाऊ तुरुंगात गेल्यावर वैष्णवीच्या बापानं गावात आणि मोबाईलवर सोडून दिलं, की मास्तरानं पोरीवर हात टाकला होता, म्हणून पोराचं डोकं फिरलं. वकिलानं सुचवलं असणार. तसं झालं तर पोराची शिक्षा कमी होते, आणि तुला लोक दुसऱ्यांदा मारतात, ह्या वेळी थुंकून. तूच शिकवायचास की नाही, ॲड होमिनेम म्हणजे मुद्द्याला उत्तर नाही म्हणून माणसाच्या अंगावर जाणं. वर्गात तू हसत हसत म्हणायचास, "आपल्याकडं सोपं असतं, माणसाच्या जातीवर गेलं की काम भागतं." आता ते तुझ्या जातीवरही गेले आणि तुझ्या चारित्र्यावरही. "ह्या लोकांना शिकवायला ठेवलं की असंच होणार," हे मी भाजी घेताना माझ्या कानांनी ऐकलं.

आपल्याच गल्लीतली एक बाई चहा पिता पिता हळूच म्हणाली, "काही होतं का हो खरंच?" मी तिच्या हातातला कप घेतला आणि भिंतीवर फोडला. तिच्या डोक्यात घालणार होते, शेवटच्या क्षणी हात वळला. भिंतीवरचा डाग मी पुसलेला नाही. ज्याला विचारायचंय त्यानं आधी तो बघावा.

पण मिल्या, कप फोडून नाव धुतलं जात नाही. ते धुणं एकाच माणसाच्या हातात होतं, आणि ती करमाडला बापाच्या घरात कोंडलेली होती, फोन काढून घेतलेला. ती जे म्हणेल ते खरं ठरणार होतं. आणि तिला त्याच घरात जेवायचं होतं, त्याच छपराखाली झोपायचं होतं. तिनं बापाची री ओढली असती तर तिला दोष कुणी दिला असता? मी दिला असता. रात्रंदिवस दिला असता.

जबाबाला तिला आणि मला एकाच सकाळी बोलावलं. पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले होते. जीप आली. ती उतरली तर मी ओळखलंच नाही. डोळ्याखाली हिरवा-काळा डाग, ओठ फाटलेला, वाळून गेलेली. बाप पांढऱ्या कपड्यात, मागं. माझ्याकडं त्यानं असं पाहिलं, जणू बाकावर कुणी बसलेलंच नाही.

फौजदार बाई होत्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली तर बापच बोलायला लागला, "ती लेकरू हाय, तिला काय सांगता यायचं, त्या मास्तरानं..."

"लेकरू नाही, सज्ञान आहे ती. जबाब तिचा आहे. तुम्ही बाहेर व्हा."

तो बाहेर झाला, पण दाराच्या चौकटीतच उभा राहिला, तिला दिसेल असा. मला आतलं सगळं ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, सरांनी तुझ्याशी कधी वाईट वागणूक केली का? पंखा फिरतोय. बाप खाकरला. मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात तिला झिंज्या धरून ओढत होते.

मग ती बोलली. न्यायाधीशालाच काय, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जावं, असं.

"सरांनी मला कधी हात लावला नाय. वाकड्या नजरेनं पायलंसुदिक नाय. माझ्या दादानं सरांना मारलं. रॉड आमच्या जीपमधला व्हता. आण्णांना म्हाईत व्हतं. दादा निघताना आण्णा म्हणले, 'त्याला परत बोलता येऊ नये.' मी सैपाकघरात व्हते, मी ऐकलं. लिहा."

इंग्रजीचा एक शब्द नव्हता त्यात.

बाप आत घुसला. "रांडे, बापाला फासावर चढवती व्हय!" त्यानं हात उगारला. मी कधी उठले, कधी आत गेले, मला आठवत नाही. त्याचं मनगट माझ्या हातात होतं. मी ते मुरगळलं, सगळी ताकद लावून, आणि तो गुडघ्यावर आला. आपला बाप असा कधी आला नव्हता. हवालदार ओरडत होता, "बाई, सोडा, बाई!" मी सोडलं नाही. तो "आई गं" म्हणाला तेव्हा सोडलं. तू ह्यावर मला काय काय ऐकवलं असतंस ते मला माहीत आहे. ऐकव.

फौजदारबाईंनी बापाला आतच बसवून ठेवलं. तिला विचारलं, तू कुठं जाणार? ती म्हणाली, "अक्कांकडं." मला विचारलंही नाही तिनं. मी रिक्षा थांबवली.

क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. बाहेर बघत. "अक्का, मी तवा घरी तसं बोलले नसते, तर सर आज असते ना?"

मिल्या, हेच तर मी इतके दिवस भिंतींना सांगत होते. तुझ्या नियमानं तुला खाल्लं, मी म्हणत होते, मी म्हणत होते, हे मी तुला तुझ्या तोंडावर किती वेळा सांगितलं होतं. "व्हय" माझ्या जिभेवर आला होता. मी तिच्या फाटलेल्या ओठाकडं पाहिलं.

"नाय," मी म्हणाले. "मारलं तुझ्या भावानं. पाठवलं तुझ्या बापानं. तू फक्त बोललीस. बोलल्यानं माणूस मरत नाही, पोरी. मारल्यानं मरतो."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि मान फिरवली. तिला पटलं. तिला पटावं म्हणूनच मी तसं म्हणाले, आणि अगदी तुझ्यासारखं म्हणाले, तुझाच सूर लावून. मला पटलंय का? सकाळी पटतं. संध्याकाळी तुझ्या खोलीत झाडू मारताना परत तुला शिव्या देते. आणि समोरून कुणीच उलट बोलत नाही रे.